मणक्यातले सिमेंट
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरून कोणी विदुषी बोलवावी आणि आपण हळदीकुंकू होईपर्यंत शांत बसून तिचे ऐकावे, अशी आपली रीत. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले आहे. मी सातवी शिकलेली बाई. लोणच्याच्या खारावर बोल म्हणाल्या असत्या तर निभावले असते. पण त्यांचा आग्रह असा की, गेल्या वर्षी आमच्या घरी जे दुखणे झाले त्यावरच बोलावे. त्यालाही कारण आहे. तेव्हापासून निदान सात-आठ जणींनी मला जिन्यात नाहीतर भाजीच्या गाडीपाशी गाठून विचारले आहे, 'काय हो, तुमच्या सासूबाईंच्या पाठीत सिमेंट भरणार होते, ते भरले का?'

तर सगळ्यांना एकदमच सांगते. नाही भरले. माझ्या धाकट्या बहिणीच्या सासूबाईंच्या पाठीत मात्र भरले. दोघी आज हिंडत्याफिरत्या आहेत. एकीला ते का नको होते आणि दुसरीला का हवे होते, एवढेच मला सांगायचे आहे. यातले निम्मे मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकले. निम्मे माझ्या भाचीने इंग्रजीतून वाचून मराठीत समजावले. ती फिजिओथेरपीचे शिक्षण घेते. मी वहीत लिहून घेत गेले. ती वही आज हातात आहे, म्हणून तारखा आणि आकडे चुकणार नाहीत.

आधी मणका म्हणजे काय ते पाहू. आपल्या आजीच्या माजघरात मडक्यांची उतरंड असे, आठवते ना? खाली मोठे मडके, त्यावर त्याहून लहान, असे वर वर चढत गेलेले. पाठीचा कणा ही तशीच उतरंड. कमरेचे मणके मोठे, मानेचे लहान. प्रत्येक मणका बाहेरून टणक, पण आत अनारशासारखा जाळीदार. पाळी गेल्यावर बाईच्या हाडांची ही जाळी भराभर विरळ होत जाते. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या आहेत, त्यांची तर आणखीच लवकर. मग एखादे दिवशी उतरंडीतले मधले मडके वरच्या भाराने चेपते. ते बहुधा पुढच्या बाजूने बसते, मागून तसेच राहते. म्हणजे त्याची पाचर होते. पाचरीवर रचलेली उतरंड पुढे झुकणारच. म्हाताऱ्या बाईला पोक येते ते असे.

आपण म्हणतो, वय झाले, वाकली बिचारी. बायांनो, नुसत्या वयाने कोणी वाकत नाही. त्या पोकामागे पुष्कळदा एक, दोन, तीन मोडलेली हाडे असतात आणि ती मोडली तेव्हा कोणी ओळखलेलीच नसतात. असे चेपलेले निम्म्याहून जास्त मणके कोणाच्या ध्यानातच येत नाहीत. घरात पाहण्याजोगी खूण सांगते. परकर पूर्वीचाच, पण जमिनीला लागू लागला, किंवा हाताला येणारा फळीवरचा डबा येईनासा झाला, तर उंची कमी झाली असे समजावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

आमच्या सासूबाईंचे वय शहात्तर. त्या पडल्या नाहीत, आपटल्या नाहीत. ओट्याखालचा गव्हाचा डबा वाकून पुढे ओढला, तेवढेच. 'कट्' असा आवाज आपल्याला ऐकू आला असे त्या म्हणतात. बाकी कोणी ऐकला नाही. खड्ड्यात रिक्षा आदळली, जोराची शिंक आली, नातवंडाला उचलले, एवढ्यानेही असे होते. सासूबाई म्हणाल्या, उसण भरली. उसण म्हटली की आपल्याकडे लसणीचे तेल आले, शेक आला, आणि पायाळू माणसाचा पाय लावणेही आले. समोरच्या आळीतला एक पायाळू मुलगा बोलवावा असे घाटत होते. सासूबाईंनीच नको म्हटले, म्हणून बरे. ज्या मणक्याची चाळण झाली आहे त्यावर पाय लावणे किंवा दाबून मालीश करणे म्हणजे चेपलेला डबा आणखी चेपणे होय. साठीपुढच्या बाईच्या पाठीत अशी अचानक कळ आली, की आधी एक्स-रे काढावा, उसण नंतर.

चौथ्या दिवशी एक्स-रे झाला. कमरेचा पहिला मणका चेपलेला निघाला. पाठ आणि कंबर जिथे मिळतात तो हा भाग. हे दुखणे बहुधा तिथलेच असते. आम्ही त्यांना शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात नेले. कोणत्या, ते सांगत नाही. तिथे दहा मिनिटांत निकाल लागला : 'उद्या भरती करा, सिमेंट भरून देतो, परवा आजी चालत घरी.' खर्चाचा छापील कागदही हातात दिला. एमआरआय काढलेला नव्हता, पाठीला कोणी हातही लावला नव्हता.

त्या रात्री आमच्या घरी जे बोलणे झाले ते चारचौघांत सांगू की नको, याचा मी विचार केला. पण घरोघर हेच होते, म्हणून सांगते. आमच्या ह्यांना वाटे, आईसाठी मागे हटलो असे नको व्हायला. पुण्याहून धाकटे भावजी फोनवर होते. त्यांचे म्हणणे, पैशाची बाजू मी बघतो, तुम्ही उशीर करू नका. नणंदबाई रडत होत्या. आणि सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, 'माझ्या पाटल्या मोडा हवे तर, पण मला अंथरुणात कुजवू नका.' हे ऐकल्यावर कोण काय बोलणार? पाटल्यांचा प्रश्न नव्हता, पैशाचाही नव्हता. म्हाताऱ्या माणसाला कळीपेक्षा परस्वाधीन होण्याचे भय मोठे असते आणि त्या भयापोटी घरातले सगळेच घाईला येतात. मी एवढेच म्हटले की, मणका मोडून आठवडा झाला आहे, आणखी दोन दिवस जाऊ द्या, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू. सुनेने असे म्हणणे सोपे नसते. इथे बसलेल्या सुनांना ते वेगळे सांगायला नको.

दुसरे डॉक्टर हाडांचेच, वयस्क गृहस्थ. त्यांनी सासूबाईंना कुशीवर वळवले आणि एकेका मणक्यावर बोटाने हलकेच ठोकून पाहिले. जिथे त्या कळवळल्या तिथेच एक्स-रेतला मणका होता. 'ठीक,' म्हणाले, 'दुखणे याच हाडाचे आहे.' कारण म्हातारपणी एक्स-रेत जुने चेपलेले मणके पुष्कळ दिसतात आणि दुखत असते भलतेच काही. मग एमआरआय करायला लावला. ताजा मोड असेल तर हाडात सूज दिसते, जुना असेल तर दिसत नाही. शिवाय आपल्या देशात मणक्याचा क्षय पुष्कळ. कधी कधी कर्करोगानेही मणका खचतो. तो संशय आधी फिटायला हवा. जंतूंनी पोखरलेल्या हाडात सिमेंट भरून चालत नाही. एमआरआयच्या त्या नळीत सासूबाईंची दोनदा रामरक्षा म्हणून झाली. मोड ताजा निघाला, क्षय नव्हता, मज्जारज्जूवर दाब नव्हता.

मग त्यांनी सासूबाईंना विचारले, 'आजी, पहिल्या दिवशी सोळा आणे कळ होती असे धरा. आज किती?' सासूबाई म्हणाल्या, 'दहा आणे असेल.' 'धरून न्हाणीत जाता का?' 'जाते.' तेव्हा डॉक्टर आम्हाला म्हणाले, 'कळ उतरते आहे. उतरत्या तापाला इंजेक्शन कशाला? सहा ते बारा आठवड्यांत हे हाड बहुधा आपले आपण सांधते. कळ उतरायची थांबली, किंवा वाढली, तर या. सिमेंट कुठे पळून जात नाही.'

हे सिमेंट म्हणजे घर बांधायचे नव्हे हो! कवळी ज्या द्रव्याची करतात त्याच जातीचे ते. पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट असे त्याचे लांबलचक नाव. भुकटी आणि पातळ औषध एकत्र कालवले की आधी लापशीसारखे होते, मग दात घासायच्या पेस्टसारखे, आणि थोड्या वेळात तापून दगड होते. एक्स-रेत दिसावे म्हणून त्यात बेरियमची भुकटी घालतात. रोग्याला पालथे निजवतात. तेवढा भाग बधिर करतात, किंवा भूल देतात. पाठ कापत नाहीत. समोर पडद्यावर एक्स-रे चालू ठेवून एक जाड सुई मागून थेट मणक्यात नेतात आणि चहाचा चमचाभर, फार तर थोडे अधिक, सिमेंट आत सोडतात. ते घट्ट झाले की झाले. एक-दोन तास उताणे पडून राहायचे. पुष्कळ जण दुसऱ्या दिवशी घरी येतात. याला व्हर्टिब्रोप्लास्टी म्हणतात. पहिल्यांदा ती १९८४ साली फ्रान्समध्ये आमिएँ गावी झाली. पिएर गालिबेर आणि एर्वे देरामोन या डॉक्टरांनी ती केली. रोगी एक चौपन्न वर्षांची बाई होती. तिचे हाड ठिसूळपणाने मोडलेले नव्हते. मानेच्या दुसऱ्या मणक्यात रक्तवाहिन्यांची गाठ होऊन तो पोखरला होता आणि मान अतोनात दुखत होती. तिला आराम पडला. १९८७ साली त्यांनी ते छापून प्रसिद्ध केले, आणि पुढे हीच युक्ती म्हाताऱ्या माणसांच्या चेपलेल्या मणक्यांसाठी सर्वत्र वापरात आली.

दुसरा प्रकार फुग्याचा. त्याचे नाव कायफोप्लास्टी. अमेरिकेतल्या मार्क रायली नावाच्या हाडांच्या डॉक्टरांची ही कल्पना. १९९८ पासून ती वापरात आली. सुईवाटे मणक्यात इवलासा फुगा नेतात, तो फुगवून चेपलेले हाड शक्य तेवढे उचलतात, फुगा काढून घेतात आणि झालेल्या पोकळीत सिमेंट भरतात. फुग्याची किंमत धरून खर्च बराच वाढतो.

ऐकायला किती छान वाटते! सुईएवढे भोक आणि कळ गायब. पण भाचीने जे वाचून दाखवले ते ऐका. २००९ साली एका नामांकित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात दोन परीक्षा एकाच वेळी छापून आल्या. एकीत १३१ रोगी होते, दुसरीत ७८. निम्म्यांना खरेच सिमेंट भरले. उरलेल्यांना पालथे निजवले, पाठ बधिर केली, सुईही टोचली, आणि शेजारी सिमेंटचे औषध उघडले, कारण त्याला उग्र वास येतो आणि रोग्याला आपल्यालाही भरले असे वाटावे! पण आत काहीच सोडले नाही. पुढे सगळ्यांना विचारले, तर आराम दोन्हीकडे सारखाच! पुष्कळ डॉक्टर चिडले. म्हणाले, तुम्ही जुने मोड असलेले रोगी घेतले. मग २०१६ साली ऑस्ट्रेलियात १२० रोग्यांवर परीक्षा झाली. सहा आठवड्यांच्या आतला मोड आणि फार कळ, असेच रोगी घेतले. तिथे सिमेंटवाल्यांना जास्त आराम पडला. आणि २०१८ साली हॉलंडमध्ये १८० रोग्यांवर झालेल्या परीक्षेत पुन्हा दोन्ही बाजू सारख्याच! त्याच वर्षी या सगळ्या परीक्षांचा एकत्र आढावा निघाला. त्यात म्हटले आहे की, सरसकट सगळ्यांना हे करण्याला आधार नाही.

म्हणजे मोठमोठ्या डॉक्टरांत एकमत नाही. मला यातून वाटले ते असे की, ज्याच्यावर शहाण्यांचे एकमत नाही ते 'उद्याच करा' म्हणून कोणी सांगितले, तर दोन दिवस मागून घ्यायला लाजू नये. त्यात धोकेही आहेत. सिमेंट कधी मणक्याबाहेर झिरपते. बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असते, पण क्वचित नसेवर दाब येऊन पायातली शक्ती जाते, क्वचित रक्तातून फुप्फुसात जाते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावे लागते. मात्र एक गोष्ट याच्या उलट ध्यानात ठेवा. पाय लुळे पडू लागले, बैठकीची जागा बधिर झाली, लघवी कळेनाशी किंवा आवरेनाशी झाली, तर दोन दिवस काय, दोन तासही थांबू नये. तडक इस्पितळ गाठावे.

सासूबाईंचे पुढे काय झाले? चार-पाच दिवस विश्रांती, मग पट्टा बांधून घरातल्या घरात फेऱ्या. डॉक्टरांनी बजावले होते की निजवून ठेवू नका. निजून हाड आणखी विरघळते. साध्या वेदनाशामक गोळ्या. उठताना आधी कुशीवर वळायचे, पाय खाली सोडायचे आणि हाताच्या रेट्याने बसायचे, हे भाचीने शिकवले. तिसऱ्या आठवड्यात त्या देवघरासमोर स्टुलावर बसू लागल्या. मांडी घालता येईना म्हणून चिडचिड फार. आठव्या आठवड्यात कळ दोन आण्यांवर आली. पोक थोडे आले आहे, ते राहिले. पाटल्या हातातच आहेत.

आता बहिणीच्या सासूबाई. त्यांचे वय ब्याऐंशी. त्यांनाही तसाच मोड, तसाच मणका. पण पाच आठवडे होत आले तरी कळ सोळा आण्यांची सोळा आणेच. कूस बदलली की किंकाळी. जोरदार गोळ्या दिल्या तर पोट साफ होईना, आणि डोके भ्रमिष्टासारखे होऊन त्या बहिणीला भलत्याच नावाने हाक मारू लागल्या. खाणे सुटले. छातीत कफ भरू लागला. एमआरआयमध्ये सूज ताजी होती, बाकी काही नव्हते. तिथे आमच्याच डॉक्टरांनी सांगितले की, आता थांबण्यात धोका जास्त आहे, भरून घ्या. भरले. संध्याकाळी त्या उशीला टेकून बसल्या आणि चहा मागितला. बहीण मला फोनवर सांगताना रडत होती. परीक्षेतले आकडे काहीही म्हणोत, त्या घरात त्या दिवशी त्या सुईचे मोल काय होते ते मी ऐकले आहे.

पण पुढचेही ऐकायला हवे. बरे वाटले, माणूस चालू लागले, की औषध थांबते. इस्पितळातून निघताना हाडाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या एक महिना घेतल्या, मग राहिल्या. आठव्या महिन्यात वरचा मणका चेपला. सिमेंटमुळे शेजारच्या मणक्यावर ताण येतो की काय, यावर डॉक्टरांत वाद आहे. पण यात वाद नाही की, ज्या बाईचा एक मणका असा मोडला, तिचा दुसरा मोडण्याचा धोका फार वाढतो. वर्षाच्या आत साधारण पाचांतल्या एकीचा मोडतो. सिमेंट त्या एका मडक्याला लिंपण करते. बाकीची उतरंड होती तशीच ठिसूळ राहते. तिला औषध वेगळे. आता त्यांना वर्षातून एकदा शिरेतून औषध चढवतात. त्यात गोळी विसरण्याचा प्रश्न नाही.

आमच्या सासूबाईंची गोळी आठवड्यातून एकदा, रविवारी. सकाळी निरशा पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवे व्हायचे नाही, काही खायचे नाही, चहासुद्धा नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर ती पोळते, म्हणून ही कडक शिस्त. रविवारचा तो अर्धा तास आमच्या घरी फार लांबतो. दात काढायचा असला तर या गोळीबद्दल दंतवैद्याला आधी सांगावे. त्याआधी त्यांची डेक्सा नावाची हाडांची तपासणी झाली. ती दुखत नाही, नुसते निजायचे असते. ड जीवनसत्त्व रक्तात फारच कमी निघाले. गच्चीवर पापड आपण वाळवतो आणि स्वतः सावलीत बसतो, त्याला काय करायचे?

खाण्याचे म्हणाल तर पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे असे आपल्या देशातले तज्ज्ञ सांगतात. पेलाभर दुधात साधारण २५० मिळते. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५०. तीळ तर त्याहून कितीतरी वर, पण ते मुठीने खाववत नाहीत. घरात दूध आधी मुलांना, मग पुरुषांना आणि उरले तर विरजणाला, हा क्रम इथल्या किती जणींच्या घरी आहे ते मी विचारत नाही. आमच्या घरी आता सासूबाईंचा आणि माझा पेला आधी भरतो. मी सेहेचाळीस वर्षांची आहे. माझ्या उतरंडीलाही आता फार वेळ नाही.

चिटणीसबाई घड्याळाकडे पाहत आहेत. एक्स-रेच्या दोन फिल्म आणल्या आहेत, त्या खिडकीपाशी टांगून ठेवते. हळदीकुंकवाचे हात पुसून मगच धरा. दोन्ही कुशीवर निजवून काढलेल्या आहेत. खालून मणके मोजत या. पाचवा पाहा, पाचरीसारखा दिसेल. तो पहिल्या फिल्ममध्ये आमच्या सासूबाईंचा. दुसरीत त्याच जागी पांढराशुभ्र डाग दिसतो, ते सिमेंट. आणि त्याच्या लगेच वरचा मणकाही नीट पाहा.